तुरीच्या झाडाशेजारी

मस्तगड, जालना
रविवार, दुपार

प्रिय शालू,

आधी एक काम कर. पाकिटात या कागदांबरोबर एक छोटी पुडी आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणि वरून दोरा बांधलेली. ती उचलून बाजूला ठेव. हात लावायचा नाही. मला तुझा स्वभाव माहीत आहे, शिरा समोर आला की तू आधी काजू वेचून खातेस. या वेळी मात्र माझं ऐक. पत्र शेवटपर्यंत वाच आणि मगच दोरा सोड. आणि चष्मा लावून वाच बाई, हात लांब करून करून नको.

तू म्हणशील, या बयेला झालंय तरी काय? रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाची फुलं पाठवते आणि आज एकदम पत्र! उद्या पोस्टात गेले की खिडकीतला माणूसही असाच बघणार आहे. बघू दे. काही गोष्टी फोनवर सांगायला गेले की मला आधी रडू येतं आणि मग राग येतो, आणि तू पलीकडून "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" करत बसतेस. त्यापेक्षा कागद बरा. तो मध्ये बोलत नाही.

बारशाला सोलापूरला आले होते, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घेऊन फिरून राह्यले. पाळण्याभोवती सगळ्या बायका जमल्या होत्या आणि तुझ्या नातीची वाटणी चालली होती. नाक आजोबांचं, कपाळ तिच्या आत्याचं, रंग तिकडचा, केस इकडचे. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "आन् ही हनुवटी कुनाची गं? आन् ही गालावरची खळी?" सगळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं. तू हसलीस आणि गॅस बंद करून येते म्हणून आत गेलीस. गॅस बंदच होता, शालू. मी तुझ्यामागून आले होते, दारातूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी स्टँडवर मला सोडायला आलीस, आणि मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा म्हणालीस, "दैवे, माझ्या आईचं काही असंल बी त्या बाळात. पन मला कसं कळावं?" गाडी सुटली म्हणून बरं. मी खिडकीतून नुसता हात हलवला.

लहानपणीही तू हेच विचारायचीस. तू रांगत होतीस तेव्हा तुझ्या आई, तुळजाबाई, काविळीनं गेल्या, तुझे वडील मेंढरांमागं लांब निघून गेले आणि तिकडंच त्यांनी दुसरं घर केलं. तुला कौसामावशीनं वाढवलं. मावशीच्या देव्हाऱ्यात तुळजाबाईंच्या नावाचा तो चांदीचा टाक होता, आठवतो? खरं तर बहिणीचा टाक मावशीच्या घरी ठेवायची रीत नाही. पण मावशीनं कोणाचं ऐकलं नाही, सोनाराकडून करवून आणला आणि बसवला देवांच्या रांगेत. आपण शाळेतून आलो की तू तो टाक परकराला पुसून मला दाखवायचीस. दोन ठिपके म्हणजे डोळे, एक उभी रेघ म्हणजे नाक. तू विचारायचीस, माझी आई खरंच अशी होती का गं? मी म्हणायचे, हो, अशीच असणार. काय कळत होतं आपल्याला! सोनार सगळ्यांचे टाक एकाच ठशावर काढतो हे कळायला किती वर्षं गेली. फोटो मात्र नव्हता. फोटो म्हणजे जालन्याला जाऊन, स्टुडिओत पडद्यापुढं खुर्चीवर बसून काढलेला, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तुळजाबाई कशाला स्टुडिओत जातात! मावशी कायम एकच सांगायची, "न्हाई गं माय, तुळजाचा फोटू निघालाच न्हाई कवा."

आता इकडचं ऐक. लेकीच्या घरी आमचे तात्या ठणठणीत आहेत. कान गेलेत, पण ज्याला त्याला वाटतं तितके नाहीत. तुला माहीतच आहे, बदनापूरकडच्या त्या शेती फार्मवर त्यांची सगळी नोकरी पिकांचे फोटो काढण्यात गेली. साधे फोटो नाहीत, स्लाइडी. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला एवढासा रंगीत तुकडा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. त्या मशीनमध्ये घालायच्या आणि गावोगाव शेतकऱ्यांना पडद्यावर दाखवायच्या. फार्मनं जुनं सामान काढून टाकलं तेव्हा तात्यांनी ते मशीन आणि आपल्या स्लाइडी मागून घेतल्या आणि लोखंडी पेटीत घालून घरी आणल्या. त्या पेटीवर इतकी वर्षं आमची गाद्यांची चळत होती. या उन्हाळ्यात गाद्या उन्हात घालायला काढल्या आणि तात्या म्हणाले, "दैवशाला, येकदा बघायच्यात गं मला." पेटी उघडली तर कुबट वास. कित्येक स्लाइडींवर बुरशीची जाळी. आणि मशीनचा दिवा गेलेला, तो दिवा आता कुठंच मिळत नाही. तात्या त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत.

मंग मी पदर खोचला, म्हटलं एकेक स्लाइडीचा कॅमेऱ्यानं फोटो काढून कॉम्प्युटरवर दाखवते. अंगदरावांशी लग्न झाल्यापासून त्यांच्या स्टुडिओत लोकांच्या लग्नाचे अल्बम लावतेय, एवढं तर मला जमतं. अडगळीत फोटो मोठे करायचं जुनं एन्लार्जर पडलं होतं, काळ्या खोलीच्या जमान्यातलं. त्याचं डोकं काढून टाकलं आणि उभ्या दांड्यावर आमचा चांगला कॅमेरा तोंड खाली करून बसवला. जवळचं बारीक टिपणारी लेन्स लावली. खाली उजेडाची पांढरी पाटी, पाटीवर स्लाइड धरायला पुठ्ठ्याची खाच. कॅमेरा बराबर सरळ बघतोय का हे कळायला खाली आरसा ठेवायचा, आरशात लेन्सचा डोळा मधोमध दिसला की जमलं. हे अंगदरावांनीच शिकवलं, आणि वर ऐन लग्नसराईत कॅमेरा घरात अडकवला म्हणून आठवडाभर तोंड फुगवून बसले. पंखा बंद, कूलर बंद. धूळ नको आणि दमटपणाही नको. खिडक्यांना चादरी. जालन्याचा वैशाख आणि पंखा बंद! घाम नाकावरून स्लाइडीवर पडेल म्हणून कपाळाला टॉवेल बांधून मी रबरी फुग्यानं फूफू करत एकेक स्लाइड झाडत होते. शेजारीण मीठ मागायला आली आणि माझा अवतार बघून न मागताच गेली.

तात्या शेजारी खुर्ची टाकून बसले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पहिली स्लाइड आली, तुरीच्या शेंगेवर हिरवी अळी, आणि त्यांनी एकदम घसा साफ केला. "ही बघा मंडळी, शेंगा पोखरनारी अळी. ही दिसायला साधी हाय, पन अर्धं पीक खाती." जीपमध्ये बसून गावोगाव जायचे तेव्हाचा तोच आवाज. एकही शब्द विसरले नव्हते. प्रत्येक स्लाइडीला त्यांचं भाषण, आणि भाषण संपल्याशिवाय मला पुढची लावायची परवानगी नाही. काम दुप्पट वेळ चाललं, पण मला काय घाई होती? इतकं हसलेले त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

आणि मग त्या स्लाइडी आल्या. तुरीचं झाड, झाडाच्या शेजारी उभी एक बाई, आणि बाईच्या तोंडावर काळी पट्टी. दुसरी, ज्वारीच्या ताटाशेजारी बाई, तोंडावर काळी पट्टी. कापूस, मूग, करडई, जिथं जिथं माणूस तिथं गळ्यापासून वर काळं. तुला आठवलं का काही? मला तर सगळं डोळ्यांपुढं आलं. शाळेच्या भिंतीवर बांधलेलं पांढरं धोतर, मशीनचा घरघराट, उजेडाच्या पट्ट्यात उडणारे किडे, आणि सगळ्यात पुढं मातीत बसलेल्या आपण दोघी. सुट्टीत तात्या आपल्याला जीपमध्ये मागं बसवून न्यायचे. त्या डोकं नसलेल्या बायका आल्या की आपण एकमेकींना चिमटे काढायचो. तू त्यांना नाव ठेवलं होतंस, मुंडकंतोड्या बायका. मला हे आठवलं, आणि मग एकदम दुसरी गोष्ट आठवली. तुळजाबाई आणि कौसामावशी दोघी बहिणी त्याच फार्मवर रोजानं कामाला होत्या.

शालू, कळलं का तुला? म्हणजे ज्या बाईचं तोंड तू जन्मभर शोधून राह्यली, ती कदाचित त्या धोतरावर तुझ्यापुढं येऊन गेली असेल, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि आपण तिला हसलो असू.

मग माझं डोकंच फिरलं. तात्यांवर मी अशी ओरडले की अंगदराव खालून धावत वर आले. माणसांच्या तोंडाला काळं फासता, बायका म्हणजे काय बुजगावणी वाटल्या का तुम्हाला, असं काय काय बोलले. तात्या ऐकत राहिले. मग म्हणाले, "झाड केवढं हाय ते लोकांना कळावं म्हनून शेजारी मानूस उभं करायचं. ते वरच्या साहेबांनीच सांगितल्तं. मी बी पट्ट्या लावत नव्हतो आधी. येका गावात दाखवत होतो, पडद्यावर आपल्या फार्मवरची बाई आली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिचा नवरा तिथंच बसल्ता, त्याची लई चेष्टा केली. दोन दिवस ती कामाला आली न्हाई. आली तवा डोळा सुजलेला. मंग मी समद्यांच्या तोंडाला पट्टी लावली. पीक बघा म्हनलं, बाई बघू नका." मग म्हणाले, "कात्री बी होती माझ्याजवळ. पन कापलं न्हाई. झाकलं फक्त."

मी उठले. चहा टाकला. दोघांनी प्यायला. त्यांना विचारलं, यात तुळजाबाई कोणत्या? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या लेखी त्या तुरीच्या स्लाइडी होत्या, ज्वारीच्या स्लाइडी होत्या. कोण बाई कोणत्या झाडाशेजारी होती, हे कोणी लिहून ठेवत नाही. आणि गंमत बघ, त्याच बायकांना कोणी विचारलं असतं तर त्याही म्हणाल्या असत्या की आमचा फोटो कधी निघाला नाही. तुरीचा निघाला. ओळखू शकेल असं आता एकच माणूस राहिलं होतं, तुझी मावशी. आणि मावशीच्या एका डोळ्यानं तर आता अंधारच धरलाय, दुसऱ्यावर मोतीबिंदू पिकत आलाय, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती काठी उगारते. म्हणजे जे काय करायचं ते जल्दी करायला पाहिजे होतं.

घाई केली आणि तिथंच घोटाळा झाला. पहिली पट्टी मी नखानं उचलली आणि ओढली. पट्टी निघाली, आणि पट्टीबरोबर तोंडही निघालं. शालू, त्या बाईच्या खांद्यावर आता नुसता पांढरा उजेड. स्लाइडीची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी जरा मंद, त्या मंद बाजूवर चित्र असतं. तात्यांनी बाकी सगळ्या पट्ट्या चकचकीत बाजूनं लावलेल्या, एवढी एकच चुकून उलट लागलेली, आणि नेमकी तीच माझ्या हातात पहिली आली. मी खाली फरशीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. हीच तुळजाबाई असली तर? इतकी वर्षं झाकून का होईना राहिलेल्या बाईला मी एका झटक्यात पुसून टाकलं असलं तर तुला कोणत्या तोंडानं सांगणार होते? ते दोन दिवस मी तुझे फोन उचलले नाहीत, ते यासाठी. मंदिरात होते, झोपले होते, ते सगळं खोटं.

तिसऱ्या दिवशी तात्यांनीच खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस आता. रडून पट्टी निघत नसती." त्यांनी दाखवलं तसं केलं. आधी कुठली बाजू ते उजेडात तिरपं धरून बघायचं. मग कापसाची काडी स्पिरिटात बुडवून, पिळून, पट्टीच्या कडेनं फिरवायची, गोंद सैल व्हायची वाट बघायची, आणि पट्टी स्वतःहून वळायला लागली की चिमट्यानं उचलायची. ओढायचं बिलकुल नाही. राहिलेला चिकटपणा पुन्हा काडीनं टिपायचा. नव्वारीची निरी काढतात तसं हळू. पहिलं तोंड बाहेर आलं, कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि पडद्यावर मोठं करून पाहिलं. मी आणि तात्या बघतच राहिलो. मशीनच्या दिव्याखाली वर्षानुवर्षं राहून त्या स्लाइडींचे रंग उडालेत, तूर पिवळट, आभाळ गुलाबी, लुगड्याचा हिरवा रंग राखेसारखा. पण पट्टीखाली उजेड पोचलाच नव्हता. तोंड मात्र जसंच्या तसं. कपाळावरचं कुंकू कालच लावल्यासारखं लाल, घाम चमकतोय, नाकातली चमकी चमकतेय. फिकट शेतात उभ्या असलेल्या बाया, आणि तोंडं एकदम ताजी. तात्यांनी चष्मा काढून पुसला आणि पहिल्यांदाच अळीबद्दल काही बोलले नाहीत.

सगळ्या पट्ट्या निघाल्यावर मी बदनापूरची एसटी धरली, आणि तिथून पुढं रिक्षानं मावशीच्या गावी गेले. मावशीच्या लेकाच्या, भुजंगच्या घरी आता भिंतभर टीव्ही आहे, तू पाहिला नसशील. मावशीला कागदावरचं काही दिसत नाही, म्हणून मी सगळी तोंडं पेनड्राइव्हवर घालून नेली होती. तुझ्या मावसभावानं टीव्हीला लावून दिली आणि मावशीला टीव्हीपासून हातभर अंतरावर पाटावर बसवलं. ती आधी तयारच नव्हती. म्हणे, "ते सायेब पिकाचा फोटू काढायचे, आमचा कुठं काढायचे? उगी माझा डोळा शिनवू नको." पण पहिलं तोंड भिंतीएवढं होऊन समोर आलं आणि तिची काठी हातातून गळाली.

मग काय विचारतेस! ही अमक्याची सून, हिनं दोन नवरे केले. ही लई गुणाची, हिच्या हातची भाकर चंद्रासारखी. ही चोरटी, माझं खुरपं हिनंच नेलं, इचार तिला. अगं, ती बाई जाऊन वीस वर्षं झाली असतील, मावशी टीव्हीकडं बोट करून खुरपं मागून राहिलेली! भुजंगची बायको हसून हसून भिंतीला टेकली. मी हसत होते, पण मोजतही होते. कारण एकामागून एक तोंडं चालली होती आणि तुळजा हा शब्द काही मावशीच्या तोंडून येत नव्हता. शेवटी मी मन घट्ट करून ती स्लाइड लावली, मी खराब केलेली, बिनतोंडाची. मावशी टीव्हीला नाक लावून लुगड्याचे काठ बघत बसली, हातातल्या पाटल्या बघितल्या.  मग म्हणाली, "ही तर आशाबाई. जिती हाय की ती, परवाच भांडून गेली माझ्याशी. तिचं तोंड गेलं तर जाऊ दे, रोज बघून कटाळा आलाय मला." शालू, मी त्या आशाबाईच्या नावानं देवीला नारळ बोलले तिथल्या तिथं. आता पुढच्या आठवड्यात जाऊन तिचा नवा फोटो काढणार आहे, भांडत असताना.

शेवटची स्लाइड राहिली होती. त्यात दोघी जणी आहेत. मधे शेंगांनी लगडलेलं तुरीचं झाड, अंगानं भरदार, आणि झाडाच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. मी लावली.  मावशी पाटावरून उठली, भिंत धरत टीव्हीपाशी गेली आणि डावीकडच्या बाईच्या गालावर हात ठेवला. काच गरम झाली होती, तरी हात काढला नाही. "तुळजे," म्हणाली. "तुळजे, किती गं दिवस लावलेस." मग एकदम माझ्याकडं वळून, रागावल्यासारखी, "हिला हसू नको म्हनलं की जास्तच हसू यायचं. सायेब म्हनायचे, बाई गप उभ्या ऱ्हावा, आन् ही आपली खी खी खी." ती रडत होती का हसत होती, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. आम्ही सगळेच तसे होतो, भुजंगसुद्धा, एवढा मिशीवाला माणूस.

मग तिनं डोळे पुसले आणि उजवीकडच्या पोरीकडं बोट केलं. "आन् ही कोन गं हिच्या शेजारी? चांगली देखनी हाय पोरगी. आपल्यातलीच वाटती." मी पाहिलं, भुजंगनं पाहिलं. पोरीनं झाडाची फांदी धरली होती आणि मनगटापासून वर हातभर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. मी मावशीचा हात हातात घेतला, बाही वर केली आणि टीव्हीच्या काचेला लावला. तेच वृंदावन. आता कातडी सुरकुतलीय, हिरवं निळं झालंय, पण तेच. मावशी एकदा हाताकडं बघे, एकदा काचेकडं. तिच्या तरुणपणी घरात आरसा होता तो तळहाताएवढा, त्यात कुंकवापुरतं कपाळ दिसायचं. आख्खी कौसल्या तिनं कधी पाहिलीच नव्हती. शेवटी पदर तोंडाला लावून पुटपुटली, "बया! मी बरी व्हते की गं दिसायला." आणि काय सांगू, संध्याकाळी मी निघताना भुजंगला म्हणाली, "त्या डोळ्याच्या दवाखान्यात कवा जायचं ते इचार. मला हे नीट बघायचंय." काठी न उगारता!

आता तुला वाटेल, मग दैवीनं त्याच वेळी मोबाइलवर का नाही पाठवलं? पाठवणारच होते. बोट ठेवलं होतं. पण मनात आलं, तू भाजी बाजारात असशील, नाहीतर बसमध्ये असशील, आणि गुलाबाची फुलं आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकमध्ये तुझी आई येणार, पहिल्यांदाच. हे मला पटलं नाही. इतकी वर्षं झाकून राहिलेल्या बाईनं असं गर्दीत यायचं नाही. कॅमेऱ्यानं तिची नक्कल करून मी दोन ठिकाणी जपून ठेवली आहे, तिला आता बुरशीचं भय नाही आणि माझ्या नखाचंही नाही. म्हणून अस्सल स्लाइड घराबाहेर पाठवायची हिंमत झाली. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "ती माझी कुठं हाय? तिच्या लेकीची हाय, देऊन टाक." आता सोड तो दोरा. चौकटीला धर, मधल्या तुकड्याला बोट लावू नको. चकचकीत बाजू तुझ्याकडं कर. लेकीला म्हणावं बाळाला घेऊन शेजारी उभी राहा, आणि खिडकीपाशी जाऊन स्लाइड उजेडाकडं धर. हनुवटी कुणाची आणि खळी कुणाची, ते मी लिहिणार नाही, तुझं तू बघ. फक्त निघताना दारात मावशी मला जे म्हणाली ते सांगते. मी म्हटलं होतं, मावशी, जपून नेते गं तुम्हा दोघींना. तर माझं मनगट धरून म्हणाली, "दोघी कुठं? झाडाआड तिचं पोट झाकलंय, तवा सातवा महिना व्हता. शालीला सांग, तिघी हाओत आमी."

तुझीच, आणि आता तुझ्या आईच्याही ओळखीची,
दैवशाला